जेवण झाल्यावर बघू

शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. इंग्रजी तारीख ३० ऑगस्ट १७७३, वार सोमवार. शनिवारवाड्यात गणपती बसलेले होते आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. त्या दुपारी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा त्यांच्याच वाड्यात, सख्ख्या काकांच्या डोळ्यांदेखत खून झाला. त्यातून जी यादवी पेटली, ती १७८२ मध्ये सालबाईचा तह होईपर्यंत विझली नाही.

हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं, आणि हा प्रसंग वाचताना तीच खरी अडचण होते. शेवट माहीत असला की मधलं प्रत्येक पान त्या शेवटाकडेच धावतंय असं वाटायला लागतं. काका राघोबादादा आधीपासून सत्तेला हपापलेले, त्यांच्या पत्नी आनंदीबाई आधीपासून कारस्थानी आणि नारायणराव जन्मापासून बळीचे, असा सगळा हिशेब जुळतो. वर 'ध'चा 'मा' झाल्याची कथा हाताशी असतेच. एका बाईनं एक अक्षर बदललं आणि राज्य बुडालं, असं म्हटलं की बाकी कोणाला काही विचारायची गरज उरत नाही.

यावर एक उपाय आहे. घड्याळ समोर ठेवून वाचायचं. ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापलेला इतिहास असो, नाहीतर रियासतकार गो. स. सरदेसाईंचे ग्रंथ असोत. पुस्तक कुठलंही घ्या, पण पुढचं पान उलटण्याआधी तीन प्रश्न विचारा. या घटकेला कोणाला काय ठाऊक होतं? त्याला काय करता आलं असतं? आणि त्यानं प्रत्यक्षात काय केलं? त्या काळी वेळ घटका आणि प्रहरांत मोजत, त्यामुळे खाली दिलेल्या वेळा अंदाजाच्याच आहेत. घटनांचा क्रम मात्र पक्का आहे.

नऊ महिने आधी: थेऊर

१८ नोव्हेंबर १७७२. थेऊरला चिंतामणीच्या देवळाच्या आवारात थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्यानं गेले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या.

माधवरावांनी काकाची हाव जवळून पाहिली होती. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्याच्या फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे माधवराव स्वतः चालत राघोबांच्या स्वाधीन झाले. घरातल्या भांडणात राज्य फुटू नये म्हणून त्यांनी तो अपमान गिळला. पुढे पारडं फिरलं. १७६८ च्या जूनमध्ये धोडपला राघोबा हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. म्हणजे यादवीचा एक फेरा आधीच होऊन गेला होता आणि तो कसा आवरायचा हेही एकानं दाखवून दिलं होतं.

मरणाआधी माधवरावांनी काकांची बंदी सैल केली, समेट केला आणि धाकट्या भावाला त्यांच्या हाती सोपवलं. मरणाऱ्यानं एवढंच करता येतं. तो समेट टिकवण्याचं काम मागे राहणाऱ्यांचं होतं.

घड्याळ इथून सुरू करायचं. या क्षणी कोणीही कोणाला मारायला निघालेलं नाही.

साडेचार महिने आधी: वाड्यातला कैदी

डिसेंबर १७७२ मध्ये नारायणरावांना साताऱ्याहून छत्रपती रामराजांकडून पेशवाईची वस्त्रं मिळाली. कारभारी सखारामबापू बोकील, फडणिशीवर नाना फडणीस, शिवाय मोरोबा फडणीस आणि हरिपंत फडके. माधवरावांच्या वेळची ही माणसं जागच्या जागी होती. नव्या पेशव्यांना मात्र भावाचा अधिकार मिळाला तरी भावाचा अनुभव मिळाला नव्हता. स्वभाव तापट, माणसं तोडून बोलण्याची सवय, आणि जुने कारभारी आपल्याला पोर समजतात हा सल.

वर्षाच्या सुरुवातीला ते आई गोपिकाबाईंना भेटायला नाशिकजवळ गंगापूरला गेले. इकडे राघोबांच्या हालचाली वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ११ एप्रिल १७७३ ला नारायणरावांनी काकांना पुन्हा कैदेत टाकलं. दूरच्या एखाद्या गडावर पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. त्यांनी काकांना ठेवलं ते शनिवारवाड्यातच, स्वतःच्या महालापासून काही दालनं पलीकडे.

आता दोघांचे दिवस एकाच छताखाली जाऊ लागले. पेशव्यांच्या दरबाराचा आवाज कैद्याला ऐकू येत होता आणि कैद्याकडे जाणारी-येणारी माणसं पेशव्यांच्या लोकांना दिसत होती. ग्रँट डफ इथे एक बारीक तपशील नोंदवतो. राघोबांच्या बाजूला येण्याजाण्याची वाट नारायणरावांपेक्षा निराळी असावी म्हणून वाड्यात एक नवं दार काढायचं काम चाललं होतं. पुण्याजवळच्या मुळशीतल्या कुठल्याही जुन्या घरात भाऊबंदकी शिरली की आधी चूल वेगळी होते आणि मग दार वेगळं होतं. पेशव्यांच्या घरात याहून निराळं काही घडत नव्हतं. फरक एवढाच, की या दाराच्या आत राज्याची गादी होती आणि बाहेर पगार थकलेले शिपाई होते.

त्या दाराकडे लक्ष ठेवा. ऑगस्ट संपत आला तरी ते पुरं झालेलं नव्हतं.

काही आठवडे आधी: गाऱ्हाण्यांची गर्दी

पावसाळ्यात पुण्यात चार वेगवेगळी गाऱ्हाणी एकत्र येत गेली.

पहिलं कैद्याचं. सुटकेचे बेत फसत होते. ऑगस्टमध्ये लक्ष्मण काशी याच्या मदतीनं पळून जायचा एक प्रयत्न झाला. लक्ष्मण काशी निसटला, राघोबा अडकले आणि पहारा आणखी कडक झाला. आपण इथून जिवंत सुटत नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली असेल तर त्यात नवल नाही.

दुसरं नागपूरकरांचं. जानोजी भोसल्यांच्या मागे मुधोजी आणि साबाजी या भावांत सेनासाहेबसुभ्याच्या पदासाठी भांडण लागलं होतं आणि पुणे दरबारानं साबाजीची बाजू उचलली होती. मुधोजीच्या माणसांना राघोबा मोकळे झालेले हवे होते. लक्ष्मण काशी हा त्याच गोटातला.

तिसरं प्रभूंचं. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंना वेदोक्त कर्मांचा अधिकार आहे की नाही, या ग्रामण्यात नारायणरावांनी कठोर भूमिका घेतली आणि दरबारातल्या कर्त्या प्रभू मंडळींना दुखावलं. राघोबांचे जुने निष्ठावंत सखाराम हरी गुप्ते हे त्याच समाजाचे. त्यांचं नाव पुढे मुळशीत पुन्हा भेटेल.

चौथं गारद्यांचं. गारदी म्हणजे कवायती पायदळ. पानिपतावर इब्राहिमखानानं लढवलेलं, रोख पगारावर उभं असलेलं. त्यांच्या तुकड्या पुण्यात होत्या, वाड्याचा पहाराही त्यांच्याकडे होता आणि पगार थकला होता. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरगसिंग, बहादूरखान हे त्यांचे जमादार. राघोबांचा खिजमतगार तुळाजी पवार या जमादारांकडे खेपा घालू लागला.

यातलं एकेक गाऱ्हाणं स्वतंत्रपणे मिटवता आलं असतं. थकलेला पगार पैशानं मिटतो. ग्रामण्य शास्त्र्यांच्या सभेत लांबवता येतं. नागपूरचा तंटा तहानं आणि कैद्याची धास्ती एखाद्या जहागिरीनं. पण चौघांना एकाच माणसाचा राग आला आणि चौघांचा इलाजही एकच निघाला: नारायणरावांना धरायचं आणि दादांना गादीवर बसवायचं. धरायचं. बेत इथपर्यंतच होता, असं राघोबा शेवटपर्यंत सांगत राहिले.

गारद्यांना दिलेल्या लेखी हुकमातलं 'धरावे' पुढे 'मारावे' कसं झालं, हा पुण्याचा आवडता वाद. आनंदीबाईंनी अक्षर बदललं हा समज ग्रँट डफनं नोंदवला, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ च्या 'भाऊबंदकी' नाटकापासून तो प्रसंग मराठी रंगभूमीवर ठाण मांडून बसला. समजा, अक्षर बदललं. तरी कागद दार फोडत नाही. दार फोडायला पगार थकलेली, हत्यारबंद, वाड्याची वाट न् वाट ठाऊक असलेली माणसं लागतात. ती धन्याला धरायला निघाली आणि धन्यानं प्रतिकार केला, तर पुढे काय होईल हे कळायला वर्णमाला यावी लागत नाही.

सहा तास आधी: सोमवार, सकाळ

वाड्यात उत्सवाची गडबड. गणपतीचे दिवस, त्यामुळे ब्राह्मणभोजनं, कीर्तनं, आल्यागेल्यांची वर्दळ. गर्दीत चार अनोळखी चेहरे खपून जातात.

नारायणराव सकाळी पर्वतीला देवदर्शनाला गेले. हरिपंत फडके सोबत होते. वाड्यापासून पर्वती म्हणजे कोसभर. तिकडे शहरात गारद्यांच्या गोटात सकाळपासूनच चुळबुळ चालली होती आणि ती लपून राहिलेली नव्हती.

महालात पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. हे अजून राजकारण झालेलं नव्हतं. काही महिन्यांनी साऱ्या राज्याचं राजकारण याच एका गोष्टीभोवती फिरणार होतं.

दोन तास आधी: इशारा पोचतो

या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट इथे घडते आणि ती कोणत्याही नाटकात नीट येत नाही.

नारायणरावांना कळलं होतं. कटाची कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. पर्वतीहून परतताना त्यांनी हरिपंतांना सांगितलं, की गारद्यांचा रंग ठीक दिसत नाही, बंदोबस्त करा. ज्याच्या जिवावर बेतणार होतं त्याला धोका ठाऊक होता, आणि ज्याच्या हाती बंदोबस्त होता त्याला तो त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.

म्हणजे या घटकेला बातमी पोचलेली आहे, पेशव्यांचा हुकूम झालेला आहे, ऐकणारा माणूस इमानी आणि कर्तबगार आहे. फितुरी नाही, गैरसमज नाही. बारा वाजायचे आहेत.

काय करता आलं असतं? पहाऱ्यावरचे गारदी हटवून तिथे हुजुरातीचे लोक उभे करता आले असते. अर्धवट दारापाशी पंचवीस माणसं बसवता आली असती. जमादारांना बोलावून थकबाकीतला काही भाग हातावर ठेवला असता तरी दिवस निभावला असता. यातल्या कशालाही दोन तास पुरे होते.

तासभर आधी: पानं मांडली जातात

हरिपंतांनी बंदोबस्ताचं काम जेवणानंतर करायचं ठरवलं. एका स्नेह्याकडे जेवायचं आमंत्रण होतं, तिकडे ते गेले.

त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पुस्तक मिटून क्षणभर त्यांच्या जागी उभं राहून बघा. पगारासाठी गारदी कुरकुरतात, हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. धरणं धरतात, आरडाओरडा करतात, चार रुपये पदरात पडले की परत जातात. तरुण पेशवे घाबरट आणि उतावळे, हाही दरबारातला समज. सणाचे दिवस, यजमानाकडे पानं वाढलेली. तासाभरानं काय बिघडणार आहे?

हरिपंत आळशी नव्हते. पुढे याच माणसानं राघोबांचा गुजरातपर्यंत पाठलाग केला आणि मरेपर्यंत तो पेशवाईचा पहिल्या फळीतला सेनानी राहिला. म्हणूनच त्यांचं जेवण जास्त बोचतं. नालायक माणसानं चूक केली तर माणूस बदलून प्रश्न सुटतो. लायक माणसानं रोजच्या सवयीप्रमाणे काम तासभर पुढे ढकललं, तर कोणाला बदलायचं?

नारायणरावही जेवून वामकुक्षीला आडवे झाले. सांगितलं आहे, म्हणजे झालं असेल, असं त्यांनीही धरलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास: अर्धवट दार

सुमेरसिंग आणि त्याच्या साथीदारांच्या मागे गारद्यांचा जमाव वाड्यात घुसला. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याच नव्या, अजून बंद न होणाऱ्या दारानं आत आले. काका-पुतण्याची तोंडं एकमेकांना दिसू नयेत म्हणून काढलेली ती वाट खुनाची वाट ठरली.

तोंडी मागणी पगाराची होती. अडवणारे कापले गेले. आरडाओरडा ऐकून कारकून आणि सेवेकरी जीव मुठीत धरून गोठ्याकडे पळाले. त्यांच्यामागे धावलेल्या गारद्यांच्या तलवारींनी तिथली गायही सुटली नाही. गणपतीच्या दिवसांत ब्राह्मणांच्या घरात गोहत्या झाली, आणि समकालीनांना हा धक्का खुनाइतकाच बसला.

पुढची पंधरा-वीस मिनिटं

झोपेतून उठलेले नारायणराव आधी पार्वतीबाईंच्या दालनाकडे धावले. पार्वतीबाई म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. भाऊ मेले हे त्यांनी बारा वर्षांनंतरही मानलेलं नव्हतं आणि घरात त्यांचा शब्द वडीलकीचा होता. त्यांनी पुतण्याला सांगितलं, काकांकडे जा, तेच वाचवतील.

सल्ला वेडा नव्हता. गारदी दादांच्या नावानं आले होते, तेव्हा त्यांना थांबवू शकणारा माणूस दादाच.

नारायणराव राघोबांच्या खोलीत शिरले आणि त्यांना मिठी मारून प्राणदान मागू लागले. गादी घ्या, मला कैदेत टाका, पण जीव वाचवा, अशा अर्थाचं ते बोलले. राघोबांनी गारद्यांना आवरायचा प्रयत्न केला असं दिसतं. पण आता निर्णय त्यांच्या हातात उरला नव्हता. सुमेरसिंगाचं म्हणणं सरळ होतं: इतक्या पुढे आल्यावर पेशव्याला जिवंत सोडलं तर उद्या आमची मुंडकी जातील, बाजूला व्हा, नाहीतर तुम्हीही मराल. त्याच्या बाजूनं हिशेब चोख होता. ज्यानं शिपायांच्या बळावर पुतण्याला धरायचा बेत केला, त्याला शिपायांनी दहा मिनिटांत दाखवून दिलं की बेत आता कोणाचा आहे.

राघोबांनी मिठी सोडवली. तुळाजी पवारानं नारायणरावांचा पाय धरून त्यांना खाली ओढलं. हुजऱ्या चापाजी टिळेकर निःशस्त्र धावत आला आणि धन्याच्या अंगावर पडला. त्याच्यासकट नारायणरावांना तोडलं.

आत शिरल्यापासून इथपर्यंत सुमारे अर्धा तास. अकरा माणसं गेली: पेशव्यांसह सात ब्राह्मण, दोन मराठा चाकर आणि दोन कुणबिणी. चापाजीचं नाव तरी राहिलं. त्या दोघींची फक्त संख्या राहिली.

तिसरा प्रहर: कोतवालचावडी

वाड्याचे दरवाजे आतून बंद झाले. शहरात आधी एवढंच पसरलं, की गारद्यांनी दंगा केला. सखारामबापू आणि इतर मुत्सद्दी कोतवालचावडीवर जमले. बापूंनी वाड्यात राघोबांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, की शिपायांनी पुतण्याला मारलं.

हरिपंतांनी मारेकरी राघोबाच असल्याचं उघड बोलून दाखवलं आणि ते बारामतीकडे निघून गेले. बापूंनी लोकांना शांतपणे घरी जायला सांगितलं. बजाबा पुरंदरे आणि मालोजी घोरपडे आत जाऊन राघोबांना भेटले.

या तीन कृतींत पुढच्या नऊ वर्षांची मांडणी दिसते. एक जण आरोप करून विरोधात गेला. एकानं शहर शांत ठेवत वाट पाहिली. दोघांनी ज्याच्या हाती वाडा आहे त्याच्याशी बोलणी सुरू केली. संध्याकाळपर्यंत राघोबांच्या नावानं कारभार सुरू झाला होता.

पुण्यात आणखी एक माणूस हे टिपून घेत होता. इंग्रजांचा वकील थॉमस मॉस्टिन १७७२ पासून पुणे दरबारात होता. दोन घराण्यांत भांडण असेल तर पाहुण्याला उंबरठ्याबाहेर ठेवता येतं. एकाच घराण्यात असेल, तर दोघांतला एक जण त्याला हाताला धरून आत आणतो. इथे फक्त ते व्हायचं उरलं होतं.

मध्यरात्र

त्र्यंबकमामा पेठ्यांनी रात्री नदीकाठी, गाजावाजा न करता नारायणरावांना अग्नी दिला. देह दक्षिणेकडच्या ज्या दरवाजातून बाहेर काढला, त्याला पुढे नारायण दरवाजा हे नाव पडलं असं सांगतात.

सहा आठवड्यांनी: एकोणपन्नास नावं

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. राघोबांना त्यांनी तोंडावर दोषी ठरवलं, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असं सांगितलं आणि पुणं सोडलं. चौकशीत एकोणपन्नास जण गुंतलेले आढळल्याचं सरदेसाई देतात: सव्वीस ब्राह्मण, तेरा गारदी, सात मराठे आणि तीन प्रभू. तेरा गारद्यांपैकी आठ हिंदू होते आणि पाच मुसलमान.

हे आकडे जरा वेळ बघत बसण्यासारखे आहेत. 'गारद्यांनी मारलं' म्हणणाऱ्यांना, 'प्रभूंनी सूड घेतला' म्हणणाऱ्यांना आणि 'आनंदीबाईनं केलं' म्हणणाऱ्यांना एकदमच उत्तर मिळतं. कट एका जातीचा, एका धर्माचा किंवा एका बाईचा नव्हता. त्यात सर्वात मोठा गट खुद्द पेशव्यांच्या जातीचा होता.

आणि यादीची एक मर्यादाही दिसते. ज्यांनी केलं ते तिच्यात आहेत. दार अर्धवट ठेवणारे, पगार थकवणारे, बंदोबस्त जेवणानंतरवर टाकणारे तिच्यात बसत नाहीत, कारण तो गुन्हा नाही. रामशास्त्र्यांच्या न्यायाला जिथे थांबावं लागतं, तिथून इतिहास वाचणाऱ्याचं काम सुरू होतं.

नंतरची नऊ वर्षं, आणि मुळशी

मग सगळं भराभर झालं. राघोबा फौज घेऊन पुण्याबाहेर पडताच कारभाऱ्यांनी गरोदर गंगाबाईंना पुरंदरवर हलवलं आणि राघोबांविरुद्ध कारभाऱ्यांची एकजूट, म्हणजे बारभाईंचं कारस्थान, उभं राहिलं. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. ज्या त्र्यंबकमामांनी नारायणरावांना अग्नी दिला होता, ते तिथे जखमी होऊन राघोबांच्या हाती सापडले आणि दगावले. १८ एप्रिलला पुरंदरवर सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांचं मूल पेशवा झालं. मार्च १७७५ मध्ये राघोबांनी सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. पाहुणा घरात आला.

जानेवारी १७७९ मध्ये राघोबांना घेऊन पुण्यावर चाललेली इंग्रज फौज मावळात वडगावला शरण आली. मराठे जिंकले, पण यादवीची भूक भागली नव्हती. मोरोबा आधीच नगरच्या किल्ल्यात अडकले होते. आता सखारामबापू कैदेत पडले. कोतवालचावडीवर शहर शांत ठेवणारा हा मुत्सद्दी दोन वर्षांनी रायगडावर बंदिवासात वारला.

आणि सखाराम हरी गुप्ते मुळशीत आले. पौडच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन धारेवर एकोले गावाच्या डोक्यावर घनगड आहे. समोर तैलबैल्याच्या दोन भिंती, खाली कोकण. राघोबांचा पक्ष न सोडल्याबद्दल त्यांना या गडावर बेड्या घालून ठेवलं होतं. आडदांड अंगाच्या माणसालाही उचलवणार नाहीत अशा त्या बेड्या होत्या आणि अन्नपाणी मोजून मिळे. चौदा महिने त्यांनी काढले आणि १७७९ मध्ये ते तिथेच गेले. मरेपर्यंत राघोबांचं नाव त्यांच्या तोंडी होतं असं सांगतात. घनगड बांधला तो कोकणातून चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला. यादवीनं त्याची नजर आत वळवली.

राघोबा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव पुढे शेवटचा पेशवा झाला. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरची फौज कोरबारसे मावळात शिरली. ११ तारखेला मुळशीतल्या कोरीगडाला वेढा पडला. १४ तारखेला गोळा दारूच्या कोठारावर पडला, स्फोट झाला आणि किल्ला खाली झाला. त्याच महिन्यात घनगडही गेला.

शनिवारवाड्यातल्या दुपारपासून कोरीगडाच्या स्फोटापर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो. ती ओढू नये. पंचेचाळीस वर्षांत राज्य सावरायच्या अनेक संधी आल्या आणि काही घेतल्याही गेल्या. नाना, महादजी शिंदे आणि खुद्द हरिपंत यांची कारकीर्द त्याची साक्ष आहे. घड्याळ लावून वाचण्याचा फायदा हाच, की कुठलीच घटका आधी ठरलेली दिसत नाही. थेऊरला समेट झाला होता. अकराच्या सुमाराला इशारा पोचला होता. बारा वाजता नुसती थोडी माणसं हलवायची होती.

यादवी येताना यादवीसारखी दिसत नाही. थकलेला पगार, जातीच्या मानापमानाचा एक खटला, एका काकाची कैद, अर्धवट राहिलेलं दार, अशा किरकोळ कामांच्या रूपात ती समोर पडून असते. त्या सोमवारी पुण्यात निदान अर्धा डझन माणसांच्या हाती त्यातलं एकेक काम होतं. त्यातल्या कोणी एकानंही ते जेवणाआधी उरकलं असतं, तर ही तारीख आज कोणाला पाठ नसती.